मोहाचं अर्धं फूल झाडावरच राहतं

मार्च संपत आला की पहाटे मोहाखाली जा, नुकतंच पडलेलं एक फूल उचला आणि डोळ्याला लावून आभाळाकडे बघा. आरपार दिसतं. पिवळसर पांढरा, गुबगुबीत, रसानं टरारलेला मणीच तो, दोन्ही टोकांना उघडा. म्हणून तर लहानपणी आम्ही पोरं गवताच्या काडीत मोहफुलं ओवून माळ करायचो आणि शाळेच्या वाटेवर एकेक मणी ओढून खायचो. पुढे वर्गात जास्वंदाचं फूल कापून त्याचे भाग शिकवले: पुंकेसर, स्त्रीकेसर, बीजांडकोश. तेव्हाही आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की आपण टोपल्या भरभरून वेचतो त्या फुलात स्त्रीकेसर कुठं असतो ते एकदा बघावं.

तो त्यात नसतोच. फुलात बोट फिरवलं तर वीस-तीस बारीक, टोकदार, लवदार पुंकेसर हाताला लागतात. तो फुलाचा नर भाग, पराग तयार करणारा. ज्याचं पुढं फळ होतं तो मादी भाग वर फांदीवर राहिलेला असतो. आता मान वर करा. फांद्यांच्या टोकांना तांबूस मखमली कळ्यांचे घोस लोंबताना दिसतील, आणि फूल गळून गेलेल्या प्रत्येक देठाच्या टोकाला दाभणासारखी एक लांब काडी. तिच्या टोकावर परागकण चिकटतो, तिच्या बुडाशी बीजांडकोश असतो. खाली पडलं ते पाकळ्या आणि पुंकेसर. बाकीचं अर्धं फूल झाडानं आपल्यापाशी ठेवलं.

झाडानं फुलाची अशी वाटणी का केली, हे समजायचं तर मोहाच्या जोडीनं आणखी एका जिवाकडे बघावं लागतं. तो जीव आमच्या गावाच्या तलावाच्या पाळीवर, जुन्या चिंचेला दिवसभर उलटा टांगलेला असतो. वटवाघूळ. मोठं, फळं खाणारं.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात, झाडीपट्टीत. धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, मालगुजारी काळातले तलाव आणि बांधावरचे मोह एवढं सांगितलं की इकडच्या कुठल्याही गावाचं वर्णन होतं. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. वाघूळचं वाघूर होतं, सकाळची सकार होते. माझी आजी मोह वेचायला निघाली की म्हणायची, ‘‘रातचा मोह वाघराचा, सकारचा आपला.’’ मला वाटायचं ही वाटणी नाइलाजाची आहे. रात्री जंगलात कोण जाईल, म्हणून वाघळांना त्यांचा हिस्सा सोडून द्यायचा. खरं म्हणजे तिच्या त्या एका वाक्यात मोहाच्या परागीभवनाचा अख्खा धडा होता. तो मला फार उशिरा कळला.

परागीभवन हा शब्द जड आहे, गोष्ट सोयरिकीची आहे. इकडे गोंड समाजात सात देवांच्या घरातली मुलगी सात देवांच्याच घरात देत नाहीत, दुसऱ्या देवांची सोयरीक बघतात. झाडांचाही पुष्कळदा तसाच कल असतो. आपल्याच फुलाचा पराग आपल्याच फुलाला लागण्यापेक्षा दुसऱ्या झाडाचा लागलेला बरा. बी धडधाकट होतं, पुढची पिढी एकाच साच्यातली निघत नाही. मोहानं यासाठी एक युक्ती केली आहे. कळी अजून मिटलेली असते तेव्हाच तिच्यातून ती दाभणासारखी काडी बाहेर डोकावते आणि पराग घ्यायला तयार होते. पाकळ्या त्यानंतर उमलतात, आतला पराग त्यानंतर पिकतो. आधी मादी, मग नर. म्हणजे काडी तयार होते तेव्हा त्याच फुलाचा पराग अजून तयार नसतो. तो बाहेरूनच यायला हवा.

आणायचा कुणी? याच दिवसांत शेजारी पळस फुललेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. पळस भडक केशरी, वासाचं नाव नाही, दिवसा उघडा. मैना, बुलबुल, शिंजीर दिवसभर त्याच्यावर तुटून पडतात. पक्ष्यांना रंग दिसतो आणि वासाचं त्यांना फारसं काही नसतं, म्हणून पळसानं सगळी उधळण रंगावर केली. मोहाचं सगळंच उलट. रंग असा की अंधारात जेमतेम फटफटीत दिसावा. वास असा जड, आंबूस-गोड की अर्ध्या बांधीवरून नाकात शिरतो. फुलायची वेळ रात्रीची. आणि ऐन फुलोऱ्यात झाडावर पानं जवळजवळ नसतात, फुलं फांद्यांच्या अगदी टोकांना घोसानं लोंबत असतात. ही सगळी व्यवस्था एखाद्या माशीसाठी कशाला लागेल? रात्री उडणारा, नाकानं आणि डोळ्यांनी वाट काढणारा, अंगानं मोठा, पानांत पंख अडकू नयेत अशी गरज असलेला कुणीतरी पाहुणा डोळ्यासमोर ठेवून मांडलेलं ताट वाटतं ते.

मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फुटांच्या वर भरतात, कधी पाच फुटांच्या जवळ जातात. वजन किलोभर, काहींचं दीड किलोपर्यंत. मी एकदा विजेच्या तारेला चिकटून मेलेलं एक वाघूळ जवळून पाहिलं होतं. तोवर मला तो पंख म्हणजे कातड्याची छत्री वाटायचा. जवळून पाहिल्यावर कळलं, तो हात आहे. खांदा, कोपर, मनगट, सगळं आपल्यासारखं. मनगटापासून निघालेली चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब गेलेली आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं काळं, पातळ कातडं. अंगठा तेवढा मोकळा, त्याला वाकडी नखी. त्या अंगठ्यानं ते फांदी पकडतं, घोस ओढतं. तोंड कुत्र्याच्या पिलासारखं, मानेवर तांबूस सोनेरी केस, डोळे मोठे आणि तपकिरी. इंग्रजीत याला उडता कोल्हा म्हणतात ते या तोंडामुळेच.

इथं एक घोळ निस्तरायला हवा. पडक्या देवळात, जुन्या वाड्याच्या माळवदात ज्या लहान पाकोळ्या राहतात त्या वेगळ्या. त्या किडे खातात, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि त्याच्या पडसादावरून अंधारात किडा कुठं आहे ते ओळखतात. शाळेत वटवाघूळ म्हणून जे शिकवतात ते बहुतेक यांचं वर्णन. आमच्या चिंचेवरच्या मोठ्या वाघळाला ते पडसादाचं तंत्र येत नाही. त्याला लागतही नाही. मोहाचं फूल पळून जात नाही. ते चांदण्यात डोळ्यांनी बघतं आणि वासाच्या मागं येतं.

मोहावर फळं खाणारी तीन जातींची वाघळं येतात. एक हे मोठं. दुसरं आखूड नाकाचं लहान फळवाघूळ, मुठीत मावेल एवढं, ताडाच्या किंवा केळीच्या पानाआड लपून राहणारं. तिसरं गुहांत आणि जुन्या किल्ल्यांच्या अंधाऱ्या भुयारांत राहणारं मध्यम आकाराचं. जेवायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. मोठी वाघळं झाडावरच ठाण मांडतात, फांदीवरून भांडतात, केकाटतात, एकमेकांना हुसकावतात. एप्रिलच्या रात्री मोहाखाली उभं राहिलात तर वर बाजार भरल्यासारखा कालवा ऐकू येईल. लहान वाघूळ मात्र फूल तोडून घेतं आणि दुसऱ्या झाडावर जाऊन निवांत खातं. मोहाला दोन्ही सोयीचं. भांडणात हुसकावलेलं मोठं वाघूळ शेजारच्या मोहावर जातं, लहान वाघूळ फेऱ्या मारतं, आणि दोघांच्याही तोंडाला या झाडाचा पराग लागलेला असतो.

आता ते अर्धं फूल. बहुतेक फुलं आपल्या पाहुण्याला मध देतात, पाकळ्या म्हणजे नुसती वाटी. मोहानं वाटीच गोड करून ठेवली. पाकळ्यांची ती गुबगुबीत नळी हेच जेवण. सुकलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर भरते, यावरून ओल्या फुलात काय असेल याचा अंदाज करा. वाघूळ फुलाकडे तोंड नेतं तेव्हा बाहेर आलेली काडी त्याच्या तोंडाला घासते आणि आधीच्या झाडावरून आणलेला पराग तिला लागतो. मग ते गोड नळी दातात धरून ओढतं. नळी पुंकेसरांसकट सुटून येते, नवा पराग तोंडाला माखतो. काडी आणि बीजांडकोश देठाला घट्ट बसलेले, ते तसेच राहतात. त्यांच्यात गोडवा नाही, त्यांना कुणी हात लावत नाही. पाहुण्याला जेवू घालायचं आणि पोटातलं पोर सांभाळायचं, दोन्ही एकदम जमावं म्हणून फुलाचे हे दोन भाग इतक्या सहज वेगळे होतात. रात्री जी फुलं वाघळांच्या तोंडी लागत नाहीत त्यांच्या नळ्या पहाटेपासून आपोआप सुटतात आणि खाली पडतात. टप, टप, टप. त्या आपण वेचतो.

हे काम एकटं वाघूळच करतं असं नाही. थोडाफार वाटा वाऱ्याचा आणि सकाळी येणाऱ्या मधमाश्यांचाही असतो. पण लांबच्या मोहाचा पराग या मोहापर्यंत पोचवायचा तर वाघळाच्या तोडीचं दुसरं कुणी नाही. एका रात्रीत दहा-वीस किलोमीटरची फेरी त्याला काहीच नाही. आणि आमच्याकडे मोह असतात ते असे विखुरलेलेच: एक या बांधावर, दोन त्या पाणंदीला, पुढचा थेट जंगलाच्या कडेला.

यातून रोजच्या व्यवहारातला एक प्रश्न सुटतो. मोहफुलं वेचल्यानं झाडाचं नुकसान होतं का? पडलेलं फूल वेचल्यानं फळ कमी होत नाही. त्या फुलाचं काम रात्रीच उरकलेलं असतं, फळ ज्यातून होणार ते वर शाबूत असतं. इकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचत आली, त्याची भाकर, लाडू, काकवीसारखी राब केली, धान्याच्या ढोलीत साठवून उन्हाळा-पावसाळा काढला आणि तरी मोह फळत राहिला, त्याचं कारण हेच. मोह म्हटलं की दारूच आठवणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. 2021 मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध काढले तेव्हा आमच्या भागातल्या बायकांना जो मोकळा श्वास मिळाला तो धान्याच्या हिशेबातला होता. पहाटे चारला, वाघ-अस्वलाची भीती पोटात धरून ज्या टोपलं घेऊन निघतात, त्यांच्यासाठी ते घरातलं धान्य आहे.

झाड आणि सस्तन प्राणी यांची तुलना करायची ती कशाची, असं वाटेल. मी त्यांची दिनदर्शिका शेजारी ठेवतो. मोह फेब्रुवारीत पानं टाकायला लागतो, मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. एकेका झाडाचा बहर दोन-तीन आठवडे चालतो. मोठ्या वटवाघळाची मादी पावसाळ्यात गाभण राहते, साधारण पाच महिने पोटात वाढवते आणि फेब्रुवारी ते मे या काळात विते. एका वर्षाला एक पिल्लू. सुरुवातीचे काही आठवडे ती पिल्लाला छातीशी घेऊनच उडते. म्हणजे अंगावर पाजणारी आई, छातीला लटकलेलं पोर आणि सगळं जंगल वाळून खडखडीत झालेलं असे दिवस असतात, तेव्हाच मोह साखरेचं कोठार उघडतो. जूनमध्ये पाऊस तोंडावर आला की मोहाची फळं पिकू लागतात. तोवर आधी जन्मलेली पिल्लं स्वतः उडायला शिकलेली असतात आणि फळांवर आईच्या बरोबरीनं येतात.

दुसरं साम्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोघंही सावकाश चालणारे आहेत. मोहाला पहिलं फूल यायला साधारण दहा वर्षं जातात, भरघोस यायला त्याहून पुष्कळ जास्त. वाघूळ वर्षाला एकच पोर घालतं आणि दीर्घ जगतं. बंदिवासात ही जात 30 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. यांचा हिशेब कापसासारखा नाही, की यंदा बुडाला तर पुढच्या मृगाला पुन्हा पेरू. शंभर वर्षांचा मोह तोडला तर त्याची फुलं पुन्हा वेचायला आपला नातू लागतो. वाघळांचं एक झाड उठवलं आणि त्यात पिल्लं मेली तर ती भर निघायला वर्षामागून वर्षं जातात.

मोहाच्या फळाला आमच्याकडे टोळ म्हणतात आणि त्याच्या बीला टोरी. फळ हिरवं, मऊ, लहान लिंबाएवढं. आत एकापासून चारपर्यंत तपकिरी, चकचकीत बिया. चिकूची बी आठवा, तिचीच भावकी, कारण मोह आणि चिकू एकाच कुळातले. या बीपासून तेल निघतं. आमच्या घरी ते दिव्याला, फोडणीला, हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना, सगळ्याला चालायचं. वाघूळ टोळ घेऊन दुसऱ्या झाडावर जातं, गर खातं आणि बी टाकून देतं, कारण एवढी मोठी बी त्याला गिळता येत नाही. आजी जूनमध्ये मोहाखाली जाण्याआधी तलावाच्या पाळीवरच्या चिंचेखाली जायची. तिथं गर साफ झालेल्या टोऱ्या आयत्या पडलेल्या असत. फळ फोडून हात चिकट करून घ्यायची गरज नाही.

त्याच चिंचेखाली चोथ्याच्या गोळ्याही सापडतात, दाबून दाबून कोरड्या केलेल्या, चपट्या. वाघूळ फळ चावतं, जिभेनं टाळूवर दाबून रस पिळून घेतं आणि चोथा थुंकून देतं. हलकं राहिल्याशिवाय उडता येत नाही, म्हणून पोटात ओझं भरत नाही. या थुंकलेल्या चोथ्यावरूनच गावात समज झाला की वाघूळ तोंडानं खातं आणि तोंडानंच हगतं. तसं नाही. विधीची वेळ आली की ते अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी पकडून सरळ होतं, काम उरकतं आणि पुन्हा पायांवर उलटं लटकतं. उलटं लटकायला त्याला जोरही लावावा लागत नाही. शरीराच्या भारानं पायांच्या शिरा अशा अडकतात की बोटं आपोआप मिटलेली राहतात. रक्त पिणारं वाघूळ असतं हे खरं, पण ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेत. आपल्याकडे एकही नाही.

वड, पिंपळ, उंबर यांच्या बारीक बिया मात्र त्याच्या पोटातून जातात आणि उडता उडता विष्ठेतून खाली पडतात. पडक्या भिंतीवर, देवळाच्या कळसावर उगवलेला पिंपळ बघितला की कुणी तरी ते बी तिथं टाकलं हे आठवावं. त्यात पक्ष्यांच्या जोडीनं वाघळांचाही हात असतो.

इतकं काम करणाऱ्या जिवाला आपल्या कायद्यानं फार वर्षं कुठं बसवलं होतं? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची उपद्रवी प्राण्यांची होती. कावळा, उंदीर, घूस यांच्या जोडीनं फळं खाणारी वाघळं त्यात होती. मारलं तरी गुन्हा नाही. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती दुरुस्ती लागू झाली. माझ्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे, पण गावात ती कुणाला माहीत नाही.

गावात माहीत आहे ती निपाहची भीती. 2018 साली केरळात कोझिकोडकडे निपाहची साथ आली, त्यात वाघळांचं नाव आलं, आणि मग मोबाईलवर काय काय फिरलं ते तुम्हीही वाचलं असेल. आमच्या शेजारच्या एका गावात त्यानंतर तलावावरचं एक मोठं झाड वाघळांमुळेच तोडलं. मी ते पाहिलं आहे आणि अजून विसरलेलो नाही. तोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. लेकराबाळांची भीती खोटी नसते. म्हणून भीतीत खरं किती ते नीट सांगायला हवं. निपाहचा विषाणू याच जातीच्या वाघळांत नैसर्गिकपणे राहतो, हे खरं. वाघळाची लाळ किंवा मूत्र लागलेली वस्तू कच्ची पोटात गेली तर तो माणसात येऊ शकतो, हेही खरं. बांगलादेशात तो शिंदीच्या झाडाच्या कच्च्या रसातून माणसांत आल्याचं दिसलं आहे. त्यामुळे दातांच्या खुणा असलेलं फळ किंवा फूल खाऊ नये. झाडाला लावलेलं शिंदीचं मडकं झाकून ठेवावं. खाली पडलेलं वाघूळ, मेलेलं वा जिवंत, उघड्या हातानं उचलू नये. मोहफुलं धुवून, वाळवून, शिजवून खावीत. माळेतला मणी ओढून खाण्याचं माझं बालपण मी माझ्या मुलीला देत नाही, धुतलेलं फूल देतो.

झाड तोडल्यानं मात्र धोका कमी होत नाही. उठवलेली वाघळं मरत नाहीत, विखुरतात. एका चिंचेवरची वस्ती चार गावांच्या आंब्यांवर जाऊन बसते. शिवाय ऑस्ट्रेलियात याच कुळातल्या वाघळांचा अभ्यास झाला आहे. तिथं हेंड्रा नावाचा निपाहचाच भाऊबंद विषाणू आहे. वाघळं उपाशी असली, त्यांचा नैसर्गिक चारा गेला, त्यांच्यावर ताण आला की त्यांच्या शरीरातून तो विषाणू जास्त बाहेर पडतो, असं तिथं दिसलं. जंगलात भरपूर मोह आणि तलावावर शांत चिंच असलेलं वाघूळ आपल्यापासून लांब राहतं.

उन्हाचं संकट नवीन नाही, पण वाढतं आहे. ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडे पारा 46-47 अंशांवर जातो तेव्हा भर दुपारी चिंचेखाली उभं राहून वर बघा. सगळी वस्ती एक पंख हळूहळू हलवत असते, आपण पदरानं वारा घेतो तशी. त्यानंही भागेना की ती अंग चाटून ओलं करतात. काही जण पाण्यावर झेप घेऊन पोट भिजवतात आणि फांदीवर येऊन ते पाणी चाटतात. यांची झाडं बहुधा पाण्याजवळ का असतात, ते यावरून ध्यानात येतं. तलाव गाळानं भरला, मेमध्ये कोरडा पडला तर पाळीवरची सावलीही पुरत नाही.

मोहाचं दुखणं वेगळं. जुनी झाडं उभी आहेत, फुलतात, फळतात, पण त्यांच्याखाली पोर दिसत नाही. तुमच्या शिवारात कमरेएवढा मोह शेवटचा कधी पाहिला ते आठवून बघा. फुलं दिसावीत म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पाला पेटवतात. त्यात वर्षा-दोन वर्षांची रोपं जळतात आणि आग पुढं सरकली तर वणवा होतो. जी रोपं वाचतात ती गुरं खातात. टोरी वेचून तेलाला जाते. आणि मोहाच्या बीची एक खोड आहे. ती वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. काही आठवड्यांत तिची उगवायची ताकद जाते. धानाचं बियाणं जपतो तसं टोरीचं बियाणं जपता येत नाही, ती त्याच पावसात मातीत जायला हवी. जंगलात ही घाई वाघूळच भागवतं. टोळ पिकला त्याच रात्री ते बी दूर नेऊन टाकतं, मायझाडाच्या सावलीबाहेर, आणि दोन-चार दिवसांत मृगाचा पाऊस येतो.

पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणं किंवा झाडाखाली जुन्या साड्या, जाळी अंथरणं हे काही गावांनी सुरू केलं आहे. माझ्या बहिणीच्या सासरी आता जाळीच वापरतात. फुलं मातीत पडत नाहीत, त्यामुळे स्वच्छ राहतात, भावही बरा मिळतो. चार जुन्या साड्या शिवल्या की एका झाडाचं काम होतं.

यंदा बघायचं असेल तर एप्रिलमध्ये चांदण्या रात्री साडेसात-आठला फुललेल्या मोहापासून जरा लांब बसा. बॅटरीवर लाल कागद बांधा, पांढरा झोत त्यांना नको होतो. आधी पंखांचा आवाज येईल, ओलं फडकं झटकल्यासारखा. मग फांदी झुकेल. थोड्या वेळानं अर्धवट चावलेल्या नळ्या खाली पडू लागतील. सकाळी त्याच जागी या आणि खालची फुलं वेचण्याआधी वरचे देठ मोजा. काड्या जागच्या जागी असतील.

गेल्या पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर, त्या चिंचेच्या पडसावलीत, घाणेरीच्या झुडपाला खेटून मला मोहाचं एक रोप दिसलं. पानं कोवळी, तांबूस. तिथून सर्वांत जवळचा मोह तलावाच्या पलीकडे, धानाच्या सात-आठ बांध्या ओलांडून. बी घरंगळत तिथवर येणं शक्य नाही. आजी असती तर तिनं ती टोरी उगवण्याआधीच वेचली असती. मी घाणेरीच्या फांद्या तोडून त्याच्याभोवती काटेरी कुंपण केलं आहे. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तलावाचं एक घमेलं पाणी नेऊन घालतो. वर चिंचेवर ती सगळी लटकलेली असतात, एखादं मान वळवून बघतं आणि पुन्हा पंखात तोंड घालतं.